मामाचं आडनाव

रामराव भुतेकरांच्या घरी आलेल्या माणसाला आधी पाणी मिळायचं, मग आडनाव विचारलं जायचं, आणि आडनावाचं समाधान झालं तरच चहा. वाटूरमध्ये कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट सोयरीक पक्की करण्याआधी रामरावांच्या ओसरीवर येऊन बसायचं, असा आसपासच्या गावांचा रिवाजच पडून गेला होता. वही नाही, कागद नाही, सगळं डोक्यात. कुण्या गावचे कोण, त्यांचं देवक काय, मामकुळ म्हणजे आईच्या माहेरचं कूळ काय, कुणाची आत्या कुठं दिलेली, हे सगळं ते घडाघडा सांगत. स्वतःचा चष्मा कुठं ठेवलाय एवढंच काय ते आठवायचं नाही. आत त्यांची बायको साळूबाई चहाचं पाणी मोजून ठेवायची आणि ओसरीवर 'मामकुळ' हा शब्द निघाला की तिला घाम फुटायचा. केस पिकले, लेक डॉक्टर झाला, तरी फुटायचा.

लेक म्हणजे हरिओम. फिलिपिन्समध्ये दावाओ नावाच्या शहरात डॉक्टरकी शिकून आला होता आणि आता जालन्यात एका दवाखान्यात लागला होता. आपल्याकडची पुष्कळ पोरं हल्ली तिकडं शिकायला जातात, त्यामुळं त्याचं कौतुक तसं जुनं झालेलं. नवं कौतुक होतं ते आयलीनचं. ती दावाओच्या दवाखान्यात नर्स होती, आणि हरिओमला तिच्याशीच लग्न करायचं होतं. पोरगी परदेशी, धर्म वेगळा, हे रामरावांनी बरेच महिने धुसफुसून शेवटी गिळलं होतं. "आणून तर दाखव," म्हणाले होते. त्यांच्या लेखी परकं असणं हा गुन्हा नव्हता. गुन्हा एकच, भावकीत लग्न करणं.

आयलीन गाडीतून उतरली, दारात बूट काढले, आणि साळूबाई पदर सावरत पुढं झाली तर तिचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. तिच्या गावी वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात म्हणे. साळूबाईला ते इतकं आवडलं, की तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"पाणी घे, बेटा," रामराव ओसरीवर म्हणाले. मग हरिओमकडं वळले. "आडनाव काय म्हन्लास हिचं?"

"रोब्लेस."

"म्हंजी काय?"

"झाडाचं नाव हाय दादा. थंड मुलखात असतंय, मजबूत लाकडाचं."

"झाड?" रामरावांचा चेहरा उजळला. "मंग हे तर देवकच झालं की! आपल्यात वड, कळंब, तसं त्यांचं. बराबर हाय. अन् मामकुळ?"

हरिओमनं इंग्रजीत विचारलं. आयलीन हसली. तिच्या देशात नावाच्या मधोमध बापाचं नाव नसतं, आईचं माहेरचं आडनाव असतं. तिच्या नावात तेही रोब्लेस होतं आणि शेवटीही रोब्लेस. आयलीन रोब्लेस रोब्लेस. शाळेत पोरं तिला त्यावरून चिडवायची, तेच तिनं हौसेनं सांगितलं. हरिओमनं अर्धं भाषांतर केलं आणि मधेच थांबला. पण थांबून उपयोग नव्हता. रामरावांना दोन्ही वेळचं रोब्लेस बराबर ऐकू आलं होतं.

"म्हंजी हिची माय पण रोब्लेस, अन् बाप पण रोब्लेस," ते सावकाश म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून."

आत चहा उतू गेला. गॅस विझल्याचा वास आला तरी साळूबाई बटण बंद करायला हललीच नाही.

"चहा ठिवू नको गं," ओसरीवरून आवाज आला.

बाहेरच्या पोरीला या वाक्याचा अर्थ कळला नाही. साळूबाईला कळला. तिनं बटण बंद केलं आणि उरलेला चहा मोरीत ओतला.

कारण साळूबाईचा बाप डोंगरे होता, आणि तिची माय लग्नाआधीही डोंगरेच होती.

दोघं जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्याचं गाव एका टोकाला, तिचं दुसऱ्या. दोन्ही गावच्या डोंगऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध होता की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आडनाव एक म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंदांत लग्न म्हणजे बहीणभावाचं लग्न, एवढं मात्र दोन्ही गावांना ठाऊक होतं. दोघांना दोन्हीकडून हाकललं. ते तिसऱ्याच गावी जाऊन राहिले आणि तिथं साळूबाई जन्मली. ती लग्नाला आली तेव्हा बापाला एकच घोर होता. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागं मामा उभा राहतो, आणि मामा म्हटलं की त्याचं आडनाव आलं. साळूबाईचा मामा एकच, कारभारी. त्याला बापानं शेजाऱ्याचं आडनाव दिलं. कारभारी साबळे. बापडा अंतरपाटाच्या वेळी भाचीच्या मागं उभा राहिला तेव्हा त्याच्या हातातल्या अक्षता थरथरून गळून जात होत्या. लोकांना वाटलं, भाचीची माया.

तेव्हापासून तो वाटूरला साबळे म्हणूनच यायचा. यायचा तोही कमी, नि पटकन निघायचा. कुणी "कुठले साबळे?" म्हणालं की त्याला खोकला यायचा.

साळूबाईची भीती काही उगाच नव्हती. रामरावांनी हे कारण काढून लग्न मोडलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. गावातल्या संपतच्या लेकीचं, भावनाचं. हळद दळून झाली होती, मांडवाच्या बल्ल्या आल्या होत्या, आणि रामरावांच्या ध्यानात आलं की नवऱ्या मुलाच्या आईची आई आणि संपतची आजी एकाच घरच्या. त्यांनी ओसरीवर बसून शांतपणे सांगितलं आणि पाव्हणे उठून गेले. भावना आता एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात कामाला जाते. तिचं पुढं कुठं जमलंच नाही. त्या दिवशी साळूबाई ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं एक शब्द काढला नव्हता.

हरिओम दुसऱ्या दिवशी बापाशी भांडला. "दादा, तिकडं एका आडनावाचे लोक नात्यातले नसतेत. तिच्या आजीला विचारा. सगळं सांगंल ती."

"इचारू की. सात पिढ्या सांगू दे," रामराव म्हणाले. "सोयरीक अशीच करायची असती. तुझ्या आईची आम्ही कशी केल्ती? माझा बाप सोता गेल्ता बघायला. बाप डोंगरे, मामा साबळे. बिलकुल साफ. म्हून तर तू असा निपजला."

साळूबाई त्या वेळी भाकरी थापत होती. भाकरी हातातच फाटली. तिनं पीठ परत मळलं, परत थापली, परत फाटली. तिसऱ्यांदा तिनं परातीतच हात टेकले. नवरा तिचाच दाखला देऊन पोरीचा गळा कापत होता आणि तिला ओरडायची सोय नव्हती.

मागून आयलीन आली. हरिओमनं तिला चार मराठी शब्द शिकवले होते, ते तिनं जोडून पाहिले.

"आई," ती म्हणाली. "मी वाईट?"

साळूबाईनं मान जोरात हलवली. नाही, नाही. पोरीचे डोळे भरलेले दिसत होते आणि साळूबाईच्या मनात मात्र आलं, ही आली नसती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं निभावलं होतं, अजून थोडी निभली असती. हा विचार आला तशी तिची तिलाच किळस आली. तिनं टोपलीतल्या गरम भाकरीवर तूप घालून पोरीच्या हातात दिली, त्याहून जास्त तिला काही सुचलं नाही.

आजीशी बोलणं अंगणातच झालं, भर दुपारी. मोबाइल स्टुलावर उभा केला. पडद्यावर सुरकुतलेली म्हातारी, मागं प्लास्टिकच्या फुलांचा हार घातलेली देवाची तसबीर. म्हातारी तिच्या बोलीत बोले, आयलीन इंग्रजीत सांगे, हरिओम मराठीत. रामराव पुढं खुर्चीवर. साळूबाई दाराच्या चौकटीला टेकून.

म्हातारीनं सांगितलं ते असं. त्यांच्या देशावर आधी स्पेनच्या राजाचं राज्य होतं. तेव्हा साध्या लोकांना आडनावंच नव्हती. कर गोळा करायला पंचाईत व्हायची. मग पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या गव्हर्नरनं हुकूम काढला, की घरटी एकेक आडनाव घ्या. आडनावांची यादीच पाठवली. त्यात झाडं होती, गावं होती, भांडीकुंडी होती. कुठं कुठं अख्ख्या गावाला एकाच अक्षराची आडनावं आली. त्यांच्या गावाला 'र'ची पानं मिळाली. नदीच्या अल्याड एका कोळ्यानं रोब्लेस उचललं, पल्याड एका सुतारानंही तेच उचललं. दोघांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं, एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. आयलीनचा बाप कोळ्याकडचा, आई सुताराकडची. म्हातारीनं बोटांवर मोजत दोन्हीकडच्या बापांची, आज्यांची, पणज्यांची नावं सांगितली, कोण तापानं गेलं आणि कोण वादळात बुडालं तेही सांगितलं. रामरावांना इतकं नीट सांगणारं माणूस वाटूरमध्येही मिळालं नसतं.

त्यांची बोटंही म्हातारीबरोबर मोजत गेली होती. साळूबाईला वाटलं, आता पाघळतील.

"म्हातारी हुशार हाय," ते म्हणाले. "पर हुकमाच्या आधीचं काय? नावच न्हाई म्हन्ल्यावर कोण कोणाचा हे कशावरून? जो सापडतो तो असंच सांगतो. न्हाई हरिओम. आडनाव एक म्हंजी रगत एक. तसल्या लग्नाचं लेकरू ह्या घरात चालायचं न्हाई."

हरिओमनं हे भाषांतरित केलं नाही. पडद्यावरची म्हातारी काय झालं म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. आयलीननं फोन उचलला आणि छातीशी धरला.

साळूबाईला स्वतःचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला.

"चालून राह्यलंय की," ती म्हणाली.

"काय?"

"तसलं लेकरू. ह्याच घरात. इतकी वर्षं चालून राह्यलंय." तिनं चौकट घट्ट धरली होती. "माझ्या मायचं माहेरचं आडनाव डोंगरेच व्हतं."

रामरावांनी मान वळवली. रागावलेला माणूस तिनं पुष्कळदा पाहिला होता. हा रागावलेला नव्हता. ह्याला काही कळतच नव्हतं.

"अन् साबळे?"

"साबळे कुणीच न्हाई. शेजारच्याचं आडनाव व्हतं. लग्नापुरतं मामाला दिल्तं."

मग रामराव उठले. चष्मा शोधायला लागले, तो कपाळावरच होता. मोटारसायकलची किल्ली घेतली आणि कुणाकडंही न बघता निघून गेले. फाट्याकडं जाणारा आवाज लहान लहान होत गेला.

फाट्यापाशीच त्यांच्या थोरल्या भावाचं, रखमाजीचं घर होतं. भावकी बोलवायची झाली की तिथूनच बोलावणी निघत. साळूबाईला सगळं दिसायला लागलं. माणसं येतील, ओसरीवर बसतील, पाणी पितील, चहा पिणार नाहीत. मधे ती उभी असेल. हरिओमलाही उभं करतील, कारण रक्ताचाच हिशेब लावायचा तर त्याच्या अंगातही तेच रक्त. घाबरून ती आत गेली आणि पिशवीत दोन लुगडी भरली. मग बाहेर काढून परत घडी घातली. जाणार कुठं? माहेर म्हणावं तर डोंगऱ्यांनी ती जन्मण्याआधीच बंद केलं होतं.

हरिओम जवळ बसला. "आई, मला तरी सांगायचं व्हतं."

"तुला सांगितलं असतं तर तू पण भ्यायला असता," ती म्हणाली. "एका घरात दोघं कशाला."

आयलीनला हरिओमनं सगळं समजावलं होतं. खाली बसून तिनं साळूबाईचा हात ओढून कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

उन्हं उतरायला लागली तेव्हा मोटारसायकल परत आली. साळूबाई उठून दारात आली. मागच्या सीटवर कुणीतरी होतं. रखमाजी नव्हता. पांढरं धोतर, अंगात स्वेटर, डोक्याला गुंडाळलेला रुमाल. कारभारी मामा.

म्हातारा उतरला तो लटपटतच. रामरावांनी त्याला काही न सांगता शेतातून उचलून आणलं होतं आणि वाटेत एक शब्द बोलले नव्हते. त्याला वाटलं होतं, साळू मेली. ती दारात जिवंत दिसली तसा तो रडायलाच लागला.

"बसा," रामराव म्हणाले. "पाणी द्या ह्यांना."

हरिओमनं पाणी दिलं. म्हाताऱ्यानं अर्धं प्यायलं, अर्धं सांडलं.

"आडनाव काय तुमचं?"

कारभारीनं आधी रामरावांकडं पाहिलं, मग भाचीकडं. सवयीनं तोंडातून निघालं, "साबळे."

"खरं."

म्हाताऱ्याला खोकला आला.

"सांग मामा," साळूबाई म्हणाली.

"डोंगरे," कारभारी म्हणाला. एवढंसं, पुटपुटल्यागत. मग काय झालं कोण जाणे, त्यानं मान वर केली. "कारभारी डोंगरे. माझ्या बापाचं नाव हाय ते. ह्या गावात मी ते लपवीत राह्यलो इतकी वर्षं."

रामराव खुर्चीत मागं टेकले. त्यांचं तोंड एकाएकी म्हातारं दिसायला लागलं.

"रखमाजीच्या दारापर्यंत गेल्तो," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "गाडी बंद केली. काय सांगावं म्हून मनात जुळवाया लागलो. बायको तसली, मंग लेक तसला. लेक तसला, मंग लेकाचा बाप कोण? मीच तर. मी इतकी वर्षं लोकाला काय सांगत व्हतो?" मग थोड्या वेळानं, "संपतच्या पोरीचं लगीन मोडलं मी."

मग त्यांनी आयलीनकडं बोट केलं.

"हिला मामा हाय का?" त्यांनी हरिओमला विचारलं.

"न्हाई दादा. हिच्या आईला एक बहीणच हाय."

"मंग हे उभं राहतील. सोताच्या खऱ्या नावानं." रामरावांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "चहा ठिव गं. चार कप."

साळूबाई आत गेली. गॅस पेटवायला तीन काड्या गेल्या. चहा झाला, सगळ्यांनी घेतला. रामरावांनीही घेतला, पण तिच्या हातून नाही, ट्रेमधून स्वतः उचलून. पुढं कितीतरी दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

लग्न परतूरच्या मंगल कार्यालयात लागलं. आयलीनची आई आणि भाऊ आले होते. बाप जहाजावर, त्याला मोबाइलवर दाखवलं. रखमाजीचं घर आलं नाही. संपतकडं रामराव स्वतः पत्रिका घेऊन गेले, दार उघडलं, पत्रिका घेतली गेली आणि दार लागलं. लग्नाला त्यांच्याकडचं कुणीच आलं नाही.

अंतरपाट धरला तशी माइकवाल्यानं आरोळी दिली, "नवरीचे मामा पुढं या! मामांचं नाव काय?"

कारभारी मामानं कोरं धोतर नेसलं होतं. त्यानं माइक ओढून घेतला. त्यानं माइक असा कधी धरलाच नव्हता, तोंडाच्या फार जवळ नेला आणि अख्खा हॉल दणाणला.

"कारभारी डोंगरे! नवरीचा मामा! अन् नवऱ्याच्या आईचा पण मामाच!"

साळूबाईचे डोळे आपोआप मिटले. आता. आता माना वळतील, आता कुजबूज उठेल, आता कुणीतरी उठून उभं राहील. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं श्वास रोखून धरला. मग तिनं डोळे उघडले. माणसं अक्षता घेऊन उभी होती. कुणी पंख्याखाली सरकत होतं, कुणी पोराचं नाक पुसत होतं. तिच्याशेजारच्या बाईनं वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं.

"पंगत लगेच बसंल का हो?" बाईनं विचारलं. "माझी बस हाय."

"बसंल," साळूबाई म्हणाली.

तिला हसू आलं, मग एकदम राग आला. एवढ्यासाठी? एवढ्यासाठी मी भाकऱ्या फाडल्या, एवढ्यासाठी मामाला दारातून पळवलं, एवढ्यासाठी त्या भावनाचं लग्न मोडताना गप्प बसले? मंगलाष्टकं सुरू झाली. पुढं कारभारी मामा त्या परक्या पोरीच्या मागं ताठ उभा होता, आणि या वेळी त्याच्या हातातली एकही अक्षत खाली पडली नाही. साळूबाई मात्र पदरात तोंड घालून रडत होती. लोकांना वाटलं, लेकाची माया.